काटा बाभळीचा, वहाणही बाभळीचीच: हिंगोलीच्या वाटेवरून बुटांचा इतिहास

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)

इयरफोन नीट लावा आणि एक काम करा. जिथे असाल तिथे खाली आपल्या पायांकडे बघा. काय घातलंय? स्लीपर? स्पोर्ट्स शूज? का भरतीच्या तयारीसाठी घेतलेले जाड बूट? आजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

मागच्या पावसाळ्यात मी ऑनलाइन सेलमध्ये कातड्याचे दणकट बूट घेतले. घोट्याच्या वर येणारे, जाड तळाचे, फोटोत एकदम भारी. डबा उघडला, पायात घातले आणि त्याच दिवशी औंढा नागनाथच्या बाजूच्या डोंगरात फिरायला गेलो. संध्याकाळी परत आलो ते बूट हातात घेऊन. दोन्ही टाचांना फोड आणि अंगठ्याचं नख काळंनिळं. ओसरीवर बसलेले आजोबा बघत होते. म्हणाले, "अरं, पाय दाखवून घ्यायची वस्तू तू फोटो बघून घेतलीस?"

हसून सोडून दिलं तेव्हा. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पाय दाखवून घ्यायची वस्तू. म्हणजे आधी लोक कुणाला पाय दाखवत होते? आणि ज्याला दाखवत होते, त्याच्या स्वतःच्या पायात काय होतं? हे शोधत गेलो आणि हा भाग तयार झाला.

एकाच झाडाचं दुखणं आणि औषध

आपल्याकडच्या काळ्या रानात कुठेही जा, धुऱ्यावर बाभूळ असणारच. तिचा काटा किती लांब असतो ते ज्याला रुतलाय त्याला विचारा. पातळ स्लीपर असेल तर तो सरळ आरपार येतो. म्हणून आपल्या भागातल्या जुन्या वहाणा जाड तळाच्या, जड, चालताना करकर वाजणाऱ्या. 'वहाण' हा शब्दही जुना आहे, संस्कृतातल्या 'उपानह'वरून आलेला. 'बूट' मात्र इंग्रजांबरोबर आला.

आता गंमत बघा. हा काटा अडवणारं कातडं तयार कसं व्हायचं? आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवायचं. काही ठिकाणी अख्खं कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचे आणि त्यातच हे तुरट पाणी भरायचे. पाणी हळूहळू झिरपतं आणि सालीतला तुरटपणा कातड्याच्या आत शिरतो. तो आत बसला की कातडं सडत नाही. याला म्हणतात कातडं कमावणं. कित्येक दिवस, कधी कधी महिनाभराहून जास्त लागायचा.

म्हणजे पायात घुसणारा काटा बाभळीचा आणि त्याला अडवणारं कातडंही बाभळीच्याच सालीनं पक्कं झालेलं. ज्या माणसांनी हे शोधून काढलं त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. पण ते रसायनशास्त्रच होतं, बरं का.

कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक कामही असंच. खिळा नाही, कातड्याच्याच वादीनं शिवण. कातडं कमावणारा ढोर समाज वेगळा आणि चप्पल घडवणारा चांभार समाज वेगळा. गावगाड्यात चांभार बलुतेदार होता. वर्षभर वहाणा, मोट, चाबूक यांचं काम करायचा आणि सुगीच्या वेळी त्याला धान्य मिळायचं. त्याला गावातला जवळजवळ प्रत्येक पाय ओळखीचा. कुणाचा पंजा रुंद, कुणाची टाच बाहेर झिजते, कुणाचा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा, हे सगळं त्याच्या डोक्यात. आज दुकानात आपण 'आठ नंबर द्या' म्हणतो. त्याच्याकडे पायाला नंबर नव्हता, माणसाचं नाव होतं.

घडवणाऱ्याचे पाय

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता कडू भाग.

ज्यांच्या हातांनी गावाचे पाय झाकले, त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. अनेक गावांत दलितांनी वरच्या आळीतून जाताना पायातलं काढून हातात घ्यायचं, असा दंडक होता. हातात घ्यायचं! उन्हाळ्यात तापलेल्या फुफाट्यातून, स्वतः शिवलेली वहाण हातात धरून चालायचं. हा विचार एकदा नीट करून बघा, म्हणजे 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण किती टोचते ते कळेल.

मराठीत आणखी एक वाक्प्रचार आहे. 'माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत.' आपण सहज बोलून जातो. पण आपल्या शेजारच्या बिदर जिल्ह्यात, बसवकल्याणला, याच अर्थाची एक कथा आठशेहून जास्त वर्षं सांगितली जातेय. बाराव्या शतकात तिथे महात्मा बसवेश्वर होते. हरळय्या नावाचे एक चर्मकार शरण त्यांचे अनुयायी. कथा अशी की हरळय्या आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवेश्वरांना दिले. आणि बसवेश्वरांनी ते घातले नाहीत. ते आपली लायकी नाही म्हणून डोक्याला लावले, असं परंपरा सांगते. पुढे हरळय्यांच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झालं. बिज्जळ राजाच्या दरबारात खळबळ उडाली, दोन्ही बापांना देहदंड झाला आणि कल्याण पेटलं. भक्तीपर्यंत सगळ्यांना चाललं होतं. रोटीबेटीपर्यंत आलं तेव्हा तलवार निघाली.

आपल्या नर्सीचंही सांगतो. परंपरेनं नर्सी नामदेव हे संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. शिख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची पदं आहेत आणि त्याच ग्रंथात काशीच्या संत रोहिदासांचीही आहेत. एक शिंपी, एक चर्मकार. एक कपडा शिवणारा, एक जोडा शिवणारा. दोघं एकाच ग्रंथात शेजारी.

छावणी आणि बूट

मग हिंगोलीत बूट कधी वाजायला लागले?

२३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठे आणि इंग्रज यांची मोठी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आणि त्यानं लंडनच्या आपल्या बूट बनवणाऱ्याकडून जो सुटसुटीत उंच बूट करून घेतला, त्याला नाव पडलं 'वेलिंग्टन'. पुढे तोच रबरात यायला लागला. कृषी केंद्राबाहेर जे गमबूट टांगलेले दिसतात ना, हळदीच्या रानात चिखलात घालतो ते, त्यांचं मूळ या माणसापर्यंत जातं.

असईनंतर निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज उभी राहिली. तिचं नाव पुढे हैदराबाद कंटिन्जंट. हिंगोली ही तिची एक महत्त्वाची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी मोडली.

त्या काळातला सैनिक काय घालायचा? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीचे देशी शिपाई बहुतेक चपला किंवा देशी जोडेच घालत. आणि गोऱ्या सैनिकांचे बूटही काही सुखाचे नव्हते. कारण तेव्हा युरोपातही बरेच बूट डावे-उजवे नसायचे! दोन्ही एकसारखे सरळ. पायानंच त्यांना डावं-उजवं करायचं. आज आपण ज्याला 'बूट सेट होणं' म्हणतो, ती तेव्हा रीतसर शिक्षा होती. डाव्या-उजव्या पायासाठी वेगवेगळे फर्मे त्याच शतकात हळूहळू सगळीकडे रूढ झाले.

शतकाच्या शेवटी आला 'ॲम्युनिशन बूट'. जाड कातडं, तळाला ओळीनं खिळे, टाचेला घोड्यासारखा नाल. १८८० च्या दशकापासून कानपूरच्या कूपर ॲलन या कारखान्यात सैन्यासाठी बूट मोठ्या प्रमाणावर बनायला लागले. गावच्या चांभाराला पाय माहीत होता. कारखान्याला नंबर माहीत होता. फरक तिथे पडला.

पण याच बुटानं एक वेगळी गोष्टही केली. ज्या माणसाला गावात चप्पल हातात घ्यावी लागायची, त्याच माणसाला पलटणीत सरकार बूट घालायला लावायचं. पॉलिश करायला लावायचं, छाती काढून चालायला लावायचं. महार समाजातले कितीतरी जण सैन्यात होते. सुभेदार रामजी सकपाळ त्यांच्यापैकीच. त्यांचा मुलगा भीमराव १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत जन्मला. आणि त्याच सुमाराला इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. नोकरी गेली, पेन्शन गेली, शिक्षणाची वाट अरुंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी या अन्यायाविरुद्ध लेखणी चालवली. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली, ती १९२१ मध्ये मोडली. शेवटी १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

म्हणून बाबासाहेबांचा पुतळा बघताना सूट, टाय आणि हातातल्या पुस्तकाबरोबर पायातले बूटही बघा. ते फॅशनसाठी नाहीत. हातात घ्यायला लावलेली वहाण पायात परत आल्याची ती खूण आहे.

आता तुमचे बूट

आज हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी बघा, निम्म्यांच्या डोक्यात भरती. त्यांच्यासाठी आणि माझ्यासारख्या फसलेल्यांसाठी जुन्या कारागिरांचं शहाणपण आजच्या भाषेत सांगतो.

पहिलं, बूट संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो, तेच खरं माप. दोन्ही पाय मापा. मोठा असेल त्याच्या मापानं घ्या. मोजे रोज जे घालणार तेच घालून बघा.

दुसरं, लेस बांधून उभं राहा. बसून बघू नका. पुढे बोटांना अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, नाहीतर उतारावर नख जातं. माझं तेच झालं. पंजाचा सर्वात रुंद भाग आणि बुटाचा रुंद भाग एका रेषेत यायला हवा, कारण बूट तिथेच वाकतो. नवीन जाड बुटात टाच किंचित उचलली तर चालतं. पण बाजूनं दाबत असेल तर 'वापरून सैल होईल' या बोलण्यावर जाऊ नका. कातडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला वाढत नाही.

तिसरं, कातडं विचारा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रोम क्षारांनी कातडं कमावायची पद्धत आली. महिन्याचं काम काही दिवसांत व्हायला लागलं. हे कातडं मऊ असतं, पाणीही बरं सोसतं. सालीनं कमावलेलं आधी कडक असतं, पण पायाचा आकार लक्षात ठेवतं. दोन्ही आपापल्या जागी चांगली. मात्र कडक कातड्याला वेळ द्यावा लागतो.

चौथं, घाई नको. पहिले काही दिवस घरात तासभर, मग बाजारापर्यंत, मग रानात. टाच लाल झाली की थांबा, फोड यायच्या आधी. तेलाचं बोट हलकं फिरवा. तेलात बुडवू नका. भिजले तर आत रद्दी कोंबून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले की कातडं तडकलंच म्हणून समजा.

आणि पाचवं. माझे बूट शेवटी बसस्टँडजवळ बसणाऱ्या एका काकांनी सरळ केले. त्यांनी आधी बूट नाही बघितला, माझा पाय बघितला. हातानं दाबून म्हणाले, "इथं हाड वर आहे तुमचं." बूट फर्म्यावर चढवून ठेवला, टाचेत मऊ पट्टी बसवली, दुसऱ्या दिवशी दिला. मी सवयीनं म्हणालो, "काका, थोडं कमी करा ना." तेवढ्यात लक्षात आलं. ऑनलाइन हजारो रुपये देताना मी कुणाला 'कमी करा' म्हणालो नव्हतो. गुपचूप सांगितले तेवढे दिले.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा आपण सगळे चिडलो, कारागिरांचं श्रेय द्या म्हणून पोस्टी टाकल्या. बरोबरच होतं ते. पण ते श्रेय आपल्या बसस्टँडवरही द्यायचं असतं. तिथे ते दहा-वीस रुपयांचं असतं आणि 'अहो काका' या दोन शब्दांचं.

पुढच्या वेळी बाभळीचा काटा रुतला की शिवी देण्याआधी तिची सालही आठवा. आणि ती सोलणारे, कुटणारे, मुरवणारे हातही.

चला, थांबतो इथे. तुमच्या घरात जुन्या वहाणांची, छावणीची, भरतीची कुणाची आठवण असेल तर आजी-आजोबांना विचारून ठेवा, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा. माणसं आहेत तोवर. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चाला!