डफ

वऱ्हाडात डीजे येण्याआधी लग्नाच्या वरातीपुढे डफडं असायचं. जाळाशी धरून चामडं तापवायचं आणि मग दोन काड्यांनी ठेका धरायचा. वाद्य इतकं गावरान, पण नाव दूरचं आहे. अरबीत ‘दुफ्फ’, फारसीत ‘दफ’. आपल्या जिभेनं ‘द’चा ‘ड’ केला, वर ‘डं’ जोडून त्याला पुरतं घरचं करून घेतलं.

हाच शब्द अरबांबरोबर पश्चिमेलाही गेला. तिथे अरबी उपपद त्याला कायमचं चिकटलं आणि पोर्तुगालात ‘अदुफे’ झाला. हे वाद्य चौकोनी असतं आणि ते खेड्यांतल्या बायका वाजवतात. आपल्याकडे डफ बायकांच्या हाती क्वचितच दिसला. हिब्रू ‘तोफ’ही याच गोतावळ्यातला. (आपली तोफ वेगळी, ती तुर्कीतून आली.)

खंजिरी जातीनं डफाचीच धाकटी बहीण, फक्त काठाला झांजा. नाव मात्र दुसऱ्या घराण्याचं. तमिळ मुलखात तिला ‘कंजिरा’ म्हणतात. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी ती भजनात अशी रुजवली, की अमरावतीकडे खंजिरी म्हटलं की आधी तेच आठवतात.