फेरफार नोंदवही ते सर्व्हर लॉग : अर्जाच्या नोंदीचा इतिहास

प्रस्तावना :
पालम तालुक्याचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मुळे येथील महसुली दप्तर उर्वरित राज्याशी एकरूप झाले. या दप्तरातील नोंदीचे तत्त्व संगणकीय व्यवस्थेत कितपत टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदवहीतील तत्त्व :
अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे जमिनीवरील नव्या हक्काची खबर तलाठ्याला द्यावयाची आणि त्याने लेखी पोच द्यावयाची, असे ठरले. कलम १५० अन्वये ती खबर फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये लिहिली जाते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. प्रमाणीकरणानंतरच सातबाऱ्यावर अंमल होतो. सातबारा हक्काची स्थिती दाखवितो, तर फेरफार त्या स्थितीचा इतिहास सांगतो. नामंजूर फेरफारही नोंदवहीत राहतो, हे विशेष होय.

सर्व्हरवरील नोंद :
१९९३ मध्ये अमेरिकेत विकसित झालेल्या एनसीएसए एचटीटीपीडी या सर्व्हरपासून ‘कॉमन लॉग फॉरमॅट’ रूढ झाला. त्यात प्रत्येक मागणीची एक ओळ असते : मागणाऱ्याचा पत्ता, वेळ, मागणी, उत्तराचा संकेतांक व आकार. मात्र २०० हा संकेतांक उत्तर यशस्वीपणे दिल्याचे सांगतो, काम झाल्याचे नव्हे. ‘अर्ज अपूर्ण’ असे सांगणारे पानही २०० याच संकेतांकाने जाऊ शकते. म्हणून अर्ज कोणत्या टप्प्यावर व का अडला, याची नोंद आज्ञावलीनेच स्वतंत्रपणे ठेवावी लागते. तीत संकेतशब्द वा आधार क्रमांक येता कामा नये.

परिणाम :
महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने विहित मुदतीत सेवा मिळण्याचा व अपिलाचा हक्क दिला. परंतु पालममधील एखाद्या शेतकऱ्याचा ऑनलाइन अर्ज क्रमांक मिळण्यापूर्वीच परतविला गेला, तर पोच नाही, मुदत सुरू होत नाही आणि अपिलाला आधार उरत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग १८० दिवस जतन करणे बंधनकारक केले. त्यांचा रोख सायबर सुरक्षेवर आहे, नागरिकाच्या दाव्यावर नाही. फेरफाराचा उतारा मात्र दोन पिढ्यांनंतरच्या वादातही पुरावा म्हणून पुढे येतो.

समारोप :
मंजुरीची नोंद कोणतीही व्यवस्था ठेवते. नकाराची नोंद ठेवणारी व्यवस्थाच उत्तरदायी ठरते. कागदी नोंदवहीने जपलेले हे तत्त्व सर्व्हरच्या रचनेत जाणीवपूर्वक आणणे आवश्यक आहे.