गोळ्या घेऊनही गुठळी कमी होत नाही? फुप्फुसाच्या धमनीचा दुर्मीळ कर्करोग

दम लागतो, छातीत दुखते, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या धमनीत गुठळी दिसते आणि रक्त पातळ करण्याचे औषध सुरू होते. बहुतेक रुग्णांमध्ये ती रक्ताचीच गुठळी असते आणि उपचारांनी आराम पडतो. फार थोड्या रुग्णांमध्ये मात्र ती धमनीच्या आतील अस्तरातून वाढलेली कर्करोगाची गाठ असते. तिला 'पल्मनरी आर्टरी सार्कोमा' म्हणतात. स्कॅनवर दोन्ही सारखेच दिसू शकतात, म्हणून निदानाला अनेकदा उशीर होतो.

शंका कधी घ्यावी?

- सुमारे तीन महिने औषध नियमित घेऊनही दम तसाच आहे किंवा वाढला आहे
- वजन घटते आहे, बारीक ताप येतो, खोकल्यातून रक्त पडते
- पायाच्या डॉपलर सोनोग्राफीत गुठळी नाही आणि गुठळी होण्याचे इतर कारणही सापडत नाही
- स्कॅनमध्ये मुख्य धमनी पूर्ण भरून फुगलेली आहे किंवा गाठ धमनीच्या भिंतीबाहेर गेली आहे

यातले एखादे लक्षण असले म्हणजे कर्करोगच आहे असे नाही. जुनी गुठळी घट्ट होऊन धमनी अरुंद होणे हे कारण जास्त आढळते. ताप आणि वजन घटणे असेल तर आपल्याकडे टीबीही तपासावा लागतो.

निदान कसे होते?

- कॉन्ट्रास्ट एमआरआय: गाठीला रक्तपुरवठा असल्याने ती उजळून दिसते, साधी गुठळी सहसा उजळत नाही.
- पेट-सीटी: कर्करोगाच्या पेशी साखर जास्त ओढतात. शरीरात इतरत्र प्रसार आहे का, हेही कळते.
- बायोप्सी: खात्री यानेच होते. नमुना शिरेतून कॅथेटर घालून, श्वासनलिकेतून सोनोग्राफीच्या दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेत घेतात.

पुण्यातील रुग्णांसाठी

पहिल्या स्कॅनपासूनच्या सर्व सीडी, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक जपून ठेवा. आजार दुर्मीळ असल्याने परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी स्लाइड पुन्हा तपासून घेणे हिताचे ठरते. गाठ काढता येईल का, हे हृदय-फुप्फुस शल्यविशारद आणि कर्करोगतज्ज्ञ मिळून ठरवतात.

लक्षात ठेवा

रक्त पातळ करण्याचे औषध स्वतःहून बंद करू नका. अचानक दम वाढला, चक्कर येऊन शुद्ध हरपली किंवा खोकल्यातून रक्त आले, तर ताबडतोब रुग्णालयात जा. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: "ही गुठळीच आहे, याची खात्री झाली आहे का?"