ब्रेक खाली का जातो?

मॉडिफाय केलेली स्पोर्ट्स कार दिसली की पहिला प्रश्न ठरलेला : किती पळते? थांबते कशी, हे फारसं कुणी विचारत नाही. वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, तिथे कारला ताशी 120 ची मर्यादा आहे. 60 च्या दुप्पट वेग, पण गाडीतली ऊर्जा चौपट! ती सगळी ब्रेकने जिरवायची.

थोडं मागे जाऊ. 1921 साली ल मां इथे झालेली फ्रेंच ग्रां प्री ड्यूसेनबर्गने जिंकली. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली ही अमेरिकन गाडी. तत्त्व पास्कलचं : पायाने छोट्या सिलिंडरमधलं तेल ढकला, चाकाजवळचे मोठे पिस्टन जास्त जोराने दाबतात. पण फुकट काहीच मिळत नाही. जोर वाढला की पाय तेवढा जास्त खाली जातो.

1953 साली त्याच ल मांमध्ये डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वार सी-टाइपने 24 तासांची शर्यत जिंकली, सरासरी ताशी सुमारे 170 किमीने. ड्रम तापून ढेपाळायचे, डिस्क उघड्या हवेत थंड होत. पण डिस्कची वेगळीच खोड. बेअरिंग ढिलं असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल, तर पॅड मागे ढकलले जातात आणि पुढचं पेडल खोल जातं.

आपल्याकडे कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीला ड्रम होते. लायनिंग झिजलं की पेडल खाली, मग मेकॅनिक ब्रेक टाइट करून द्यायचा. त्यामुळे पेडल खाली गेलं की 'टाइट करा, नाहीतर एअर काढा' हे डोक्यात पक्कं बसलं.

मॉडिफाय गाडीत घोळ इथेच होतो. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर आलं, तर हवा किंवा मागे सरकलेले पॅड (मागे ड्रम असतील तर ढिले शूज). दाबून धरल्यावर हळूहळू बसत गेलं, तर मास्टर सिलिंडरचं सील किंवा गळती. पण पेडल घट्ट आहे, फक्त खोल जातंय, तर? कॅलिपर बदललाय का बघा. 48 मिमीच्या पिस्टनजागी 54 चा आला की पॅड तेवढाच सरकवायला साधारण 27 टक्के जास्त तेल लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर ते पायालाच ढकलावं लागणार. कितीही वेळा एअर काढा, नसलेली हवा निघणार कशी?

मोठा मास्टर सिलिंडर बसवला की पेडल वर येतं, पण जोर जास्त लावावा लागतो. म्हणजे पुन्हा पास्कलच! त्यामुळे इंजिनावर खर्च करण्याआधी हा हिशोब कागदावर मांडावा. समृद्धीवर 120 च्या वेगात एका सेकंदात गाडी 33 मीटर पुढे जाते. पेडल खोल का गेलं, याचा विचार करायला तेवढा वेळ पुरत नाही.