टायमिंगच्या खुणेची कुळकथा

इंजिन खोलून पुन्हा बांधताना क्रँकच्या आणि कॅमच्या चाकावरच्या खुणा जुळवायच्या, चेन चढवायची, की टायमिंग बसले, अशी गॅरेजातली रूढ समजूत. पण खूण ही तपासणी नव्हे. कोणीतरी आधी केलेल्या मोजणीचे ते टिपण आहे. जर्मन अभियंता ऑटो याच्या 1876 च्या चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होईतो बाजूचा दांडा एकदाच फिरे आणि झडपा चालवी. हा दांडा दात चुकवून बसवला तरी निम्म्या वेगानेच फिरतो. फक्त झडप भलत्या वेळी उघडते. पुढच्या अनेक सुरुवातीच्या पेट्रोल इंजिनांत मिश्रण आत घेणारी झडप पिस्टनच्या ओढीनेच उघडे, कॅमच्या ताब्यात फक्त धूर सोडणारी झडप असे. दोन्ही झडपा कॅमकडे आल्यावर मात्र चुकीला जागा उरली नाही.

1908 साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची माहितीपुस्तिका इथे बोलकी साक्ष देते. लहान चाकाचा शून्य कोरलेला दात मोठ्या चाकाच्या खुणेशी बसवा, असे ती सांगते. पण तेवढ्यावर थांबत नाही. कोणती झडप उघडताना वा मिटताना पिस्टन कुठे असावा, हे इंचाच्या अंशांत देते. म्हणजे ठोक उत्पादनाने जुळणी झटपट व्हावी म्हणून खूण दिली, आणि पडताळ्यासाठी मोजमापही हाताशी ठेवले. गॅरेजांनी पहिले उचलले, दुसरे सोडले.

यावर आक्षेप येईल की मुंबईच्या हजारो प्रीमियर पद्मिनी टॅक्सी खुणांवरच धावल्या. खरे आहे. त्या 1089 सीसी इंजिनात कॅम ब्लॉकमध्येच असल्याने हेड घासले तरी क्रँक आणि कॅममधले अंतर बदलत नसे. तरीही झिजून लांबलेली चेन कॅमला मागे पाडतेच. 1983 च्या मारुती 800 मध्ये कॅम हेडवर गेला आणि दातेरी बेल्ट आला. अशा इंजिनाचे हेड घासले की कॅम क्रँकजवळ सरकतो, टेन्शनर सैल बेल्ट ओढून घेतो आणि खुणा जुळलेल्या दिसूनही झडपा किंचित उशिरा उघडतात. पंचांगातला सूर्योदय मुंबईचा असावा आणि आपण नागपुरात उभे असावे, तसे हे.

दुसरा आक्षेप असा की एवढ्याशा फरकाने काय बिघडते? क्रँकच्या चाकाला 20 दात धरले तर एका दाताची चूक क्रँकचे 18 अंश होते. ती खूण पकडते. दोन-चार अंशांचा फरक ती दाखवू शकत नाही, आणि घासलेले हेड किंवा बदललेला कॅम तेवढाच फरक आणतो. रोजच्या गाडीत तो खपून जाईल. पण मग इंजिन ओढत का नाही, याचा शोध कार्ब्युरेटरमध्ये घेतला जातो. म्हणून क्रँकवर अंशांची चकती लावावी. पिस्टन माथ्याशी क्षणभर रेंगाळतो, म्हणून माथ्याच्या अलीकडे आणि पलीकडे त्याला एकाच उंचीवर अडवून दोन नोंदींचा मध्य घ्यावा; मग डायल गेजने झडपेची हालचाल मोजावी. बेल्ट किंवा चेन बसल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोनदा फिरवून पुन्हा पाहावे. नव्या सुट्या भागांपुरती खूण पुरेशी आहे. जुने इंजिन बांधताना कारखान्याने केलेली मोजणी आपल्यालाच पुन्हा करावी लागते.