भिंगापलीकडचं मूल

जानेवारी 1988. सिडनीच्या उत्तर टोकाचा पाम बीच. तिकडे हा ऐन उन्हाळा. वाळू पायाला चटके देते आहे आणि दूर डोंगराच्या माथ्यावर बॅरनजोईचं दीपगृह उन्हात तळपतं आहे. तुम्ही सर्फ क्लबच्या इमारतीच्या सावलीत उभे राहा. टीव्हीवर हाच किनारा ‘समर बे’ म्हणून दिसतो. ‘होम अँड अवे’ ही मालिका सेव्हन नेटवर्कवर नुकतीच, 17 तारखेला सुरू झाली आहे.

ती सोळा वर्षांची मुलगी दिसली? जस्टीन क्लार्क. तीन वर्षांपूर्वी ‘मॅड मॅक्स’च्या तिसऱ्या चित्रपटातल्या अनाथ मुलांच्या टोळीत ती होती. इथे ती रू स्टुअर्ट आहे, आल्फ स्टुअर्टची हट्टी, खोटं बोलणारी लेक. रूला दिवस जातील, मूल दुसऱ्याचं असताना ती ते होणाऱ्या नवऱ्याच्या, फ्रँकच्या माथी मारेल, आणि ऐन लग्नाच्या दिवशी सगळं उघड्यावर येईल. संध्याकाळी देशभरातली मुलं-मुली हे डोळे विस्फारून पाहतील, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमधलीही.

आता फक्त तिच्या नजरेकडे लक्ष द्या. ती बापाकडे पाहते, फ्रँककडे पाहते, समुद्राकडे पाहते, पण कॅमेऱ्याकडे कधीच नाही. मालिकेचा तो पहिला नियम. कॅमेरा तिथे नाहीच, असं धरून जगायचं. प्रेक्षक खिडकीतून दुसऱ्याच्या घरात डोकावणारा, आणि घरातल्यांना त्याची चाहूलही नाही. आठवड्याला अर्ध्या तासाचे पाच भाग उभे करायचे म्हणजे संवाद पाठ करा, खुणेवर उभे राहा, रडा, डोळे पुसा, पुढचा प्रसंग घ्या. अशा धबडग्यात खरं वाटेल असं रडणं, ही तिची शाळा. 1989मध्ये ती ही मालिका सोडते.

दहा वर्षं ओलांडा. 1999. तुम्ही एबीसी या सार्वजनिक वाहिनीच्या ‘प्ले स्कूल’च्या सेटवर आहात. शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांसाठीचा हा कार्यक्रम 1966पासून चालू आहे. तुमच्यासमोर गोल खिडकी, चौकोनी खिडकी, कमानीची खिडकी. त्यांतून बाहेरचं जग बघायला जायचं. बाजूला बिग टेड आणि लिटल टेड ही अस्वलं, जेमायमा बाहुली, गुबगुबीत हम्प्टी. टेबलावर रिकामी खोकी, कागदाच्या नळ्या, डिंक. कुणाच्याही घरात सापडेल असंच सामान, म्हणजे बघणारं मूल ते लगेच हाताशी घेऊ शकेल.

क्लार्क येते आणि थेट कॅमेऱ्यात बघते.

इथे जरा थांबा, कारण तिच्या कारकिर्दीतलं सर्वांत अवघड काम हेच आहे. भिंग काळं, थंड. ते हसत नाही, मान डोलावत नाही. तिने मात्र पलीकडे एकच मूल बसलंय असं मानायचं आहे. ‘मुलांनो’ असा घाऊक पुकारा इथे चालत नाही, बोलायचं ते एकाशी. प्रश्न विचारायचा आणि मग गप्प राहायचं, त्या मुलाचं उत्तर पुरं होईपर्यंत. तेवढ्या क्षणांत चेहऱ्यावर खरी उत्सुकता हवी. ओढूनताणून आणलेली असेल तर तीन वर्षांच्या मुलाला ती लगेच कळते आणि ते उठून खेळायला जातं.

पियानो वाजू लागतो. ती गाते. इथल्या गायिकेला ताना घेऊन दाखवायच्या नसतात. पट्टी मुलाच्या गळ्याला झेपणारी, शब्द सुटे आणि स्वच्छ, लय इतकी मोकळी की चिमुकल्या हातांना टाळी गाठता यावी. आवाज असा हवा, की ऐकणाऱ्याला वाटावं, मलाही जमेल. आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडी बसावं म्हणून स्वतः मागे सरायचं, हे तिला जमलं आहे.

2005मध्ये या. ‘आय लाइक टू सिंग’ हा तिचा मुलांच्या गाण्यांचा अल्बम निघाला आहे. गाणी ‘प्ले स्कूल’चा पियानोवादक पीटर डॅसंट आणि गीतकार आर्थर बेस्टिंग यांची. त्याच वर्षी सारा वॉटच्या ‘लुक बोथ वेज’ या चित्रपटात ती मेरिल झाली आहे. वडिलांच्या अंत्यविधीहून परतलेली ही चित्रकार जिथे बघेल तिथे अपघात आणि मरण कल्पिते. या कामासाठी तिला मार देल प्लाता महोत्सवात अभिनेत्रीचं पारितोषिक मिळेल. भीतीने गोठलेली मेरिल आणि हसरी गाणारी ताई, दोघींकडे प्रामाणिकपणा एकच आहे.

2010मध्ये रू समर बेला परतते, आता जॉर्जी पार्करच्या रूपात. पार्करही ‘प्ले स्कूल’मधलीच. आणि 2023मध्ये तुम्ही नाट्यगृहात बसला आहात. जोआना मरी-स्मिथच्या ‘जूलिया’ नाटकात क्लार्क ऑस्ट्रेलियाच्या माजी पंतप्रधान जूलिया गिलार्ड झाली आहे. गिलार्ड यांच्या 2012च्या संसदेतल्या स्त्रीद्वेषाविरुद्धच्या भाषणाचं बळ ती रंगमंचावर आणते. समीक्षक तिचं मनापासून कौतुक करतात.

ते कौतुक योग्यच आहे. पण अभिनेत्रीची थोरवी मोजताना आपण नाटक-सिनेमा आधी धरतो आणि मुलांचा कार्यक्रम तळटीपेत ढकलतो, हे अन्यायाचं आहे. मोठा प्रेक्षक तिकीट काढून येतो, अर्धी समजूत घरूनच घेऊन येतो. लहान मूल काहीच सवलत देत नाही. त्याला धरून ठेवणारी कला दुय्यम कशी असेल?

या प्रवासातून परतलात की घरातल्या मुलाशेजारी पडद्यासमोर बसा. पडद्यावरचं माणूस प्रश्न विचारून त्याच्या उत्तरासाठी थांबतं का, ते पाहा. थांबत असेल तर त्याचं नाव लक्षात ठेवा. आपण मोठ्या नटांची नावं ठेवतो, तितक्याच आदराने.