डिस्क-ब्रेकची कुळकथा

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांचा असा शिरस्ता आहे की, इंजिनाच्या अश्वशक्तीचे वर्णन प्रकरणेच्या प्रकरणे भरून करावे आणि ती शक्ती आवरणाऱ्या ब्रेकची वासलात दोन-चार ओळींत लावावी. त्यामुळे, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची एखादी वेगवान मोटार बाळगणारा शौकीन जेव्हा तिच्या चाकांवरचे मूळचे ड्रम उतरवून डिस्क बसवून घेतो, अथवा मूळच्या लहान डिस्क काढून त्या जागी मोठ्या डिस्कची प्रतिष्ठापना करतो, तेव्हा शुद्धतेचे अभिमानी त्याच्यावर अस्सल दस्तऐवजात खाडाखोड केल्याचा आरोप ठेवतात. या आरोपाची शहानिशा करण्याकरिता डिस्क-ब्रेकची वंशावळ तपासली, तर आरोपीच्या बाजूचा पुरावा पानोपानी सापडतो. कारण या ब्रेकला जी कीर्ती लाभली, ती ड्रमसाठी आखलेल्या गाड्यांवर तो मागाहून बसविला गेल्यामुळेच लाभली.

डिस्क आणि ड्रम ही एकाच वर्षाची भावंडे. १९०२ साली बर्मिंगहॅमचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती दोन्ही अंगांनी चिमटीत धरून गाडी थांबविण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी पोकळ ड्रमच्या आतले वक्राकार शू बाहेरच्या अंगास फाकवून गती रोधण्याची युक्ती सिद्ध केली. लँचेस्टरांची कल्पना तत्त्वतः निर्दोष होती. परंतु त्यांचे पॅड तांब्याचे असल्यामुळे धातूवर धातू घासून कर्णकटू किंकाळी उठे, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर मऊ तांब्याची झीज पाहता पाहता होई. डर्बीशरच्या चढउतारांच्या मुलखात गाडीवान आपल्या गाड्यांच्या लाकडी ब्रेकला जुन्या जोड्यांचे तळ ठोकतात, हे पाहून ज्यांना घर्षण-पदार्थांच्या धंद्याची कल्पना सुचली असे सांगतात, त्या हर्बर्ट फ्रूड यांनी १९०७ च्या सुमारास पॅडला अॅस्बेस्टॉसचे अस्तर देऊन ही किंकाळी शमविली खरी. तथापि तोवर ड्रमची सत्ता दृढमूल होऊ लागली होती. ड्रमच्या आत धूळ सहसा शिरत नसे. शिवाय फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून अधिकच घट्ट दाबीत असल्याने चालकाच्या पायाचे श्रम वाचत. १९२१ मध्ये अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग गाडीवर चारी चाकांस द्रवदाबाचे ब्रेक आले, आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे ड्रमच्या मुखत्यारीस हरकत घेणारा कोणी उरला नाही.

ही मुखत्यारी ज्या दोषामुळे गेली, तो दोष उष्णतेचा. गतिमान गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० मैलांच्या गाडीपेक्षा ताशी १०० मैलांची तीच गाडी थांबविताना ब्रेकला चौपट उष्णता पचवावी लागते, आणि बंदिस्त ड्रमला ती बाहेर टाकण्यास पुरेसा मार्ग नसतो. तापलेला ड्रम प्रसरण पावला की शूपासून दूर सरतो. लायनरचे घर्षण घटते. पेडल अधिकाधिक खोल जाऊ लागते. आणि घाटाच्या उतारावर ज्याने जड गाडी हाकली आहे त्याला परिचित असलेली, ब्रेक 'लागेनासे' होण्याची ती भयावह अवस्था ओढवते. डिस्कचे वर्तन याच्या नेमके उलट: ती उघड्या वाऱ्यात फिरते, आणि तापून जाड झाली तरी ती पॅडच्याच दिशेने फुगते. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात अवतरलेल्या जग्वार एक्सके १२० या ३४४२ घनसेंटिमीटर इंजिनाच्या गाडीने हा विरोध चव्हाट्यावर आणला. तिच्या नावातील आकडाच ताशी १२० मैलांची ग्वाही देत होता, आणि १९४९ मध्ये बेल्जियममधील याब्बेकच्या सरळ रस्त्यावर तिच्या एका विशेष सज्ज केलेल्या गाडीने १३२ मैलांचा टप्पा ओलांडलाही. परंतु हा वेग वारंवार आवरण्याची ताकद तिच्या १२ इंची ड्रममध्ये नव्हती, आणि शर्यतीत उतरलेल्या चालकांच्या तक्रारींत ब्रेकचीच तक्रार अग्रस्थानी असे.

उपाय आकाशमार्गे आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जड विमाने आखूड धावपट्टीवर थांबविण्यासाठी डनलॉप कंपनीने डिस्क-ब्रेक विकसित केले होते. जग्वारचे मुख्य अभियंता विल्यम हेन्स यांनी त्या कंपनीशी करार केला, आणि नॉर्मन ड्यूइस या कसोटी-चालकाच्या हाती १९५१ मध्ये ड्रमसह जन्मलेली सी-टाइप गाडी डिस्क लावून देण्यात आली. विमानाचा ब्रेक एका अवतरणात एकदाच तापतो आणि मग निवांत थंड होतो. मोटारीचा ब्रेक वळणागणिक तापतो, या भेदाने चाचण्यांत एकामागून एक संकटे उभी केली. ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे धरत आणि पेडल फळीला टेके. वळणावर चाकाचा हब किंचित लवला की डिस्क पॅडला मागे ढकलून देई, आणि पुढच्या वळणी चालकास दोनदा पेडल मारावे लागे. त्यातच ड्रमसारखी स्वतःहून घट्ट होण्याची वृत्ती डिस्कच्या अंगी नसल्याने, पायाच्या दाबास साहाय्य करणारा पंप गिअरबॉक्सवरून चालवावा लागला. जुन्या गाडीला डिस्क जोडणाऱ्या आजच्या कारागिराला जी जी अडचण येते, तिची नोंद अशी या पहिल्याच प्रयोगाच्या दफ्तरी आहे.

फळ लवकरच मिळाले. १९५२ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि त्यांच्या शेजारी बसलेले ड्यूइस यांना अर्ध्यातून परतावे लागले, परंतु त्याच उन्हाळ्यात फ्रान्समधील रॅंस येथे मॉस यांनी डिस्क लावलेल्या सी-टाइपवर विजय मिळविला. आणि १९५३ च्या जूनमध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी ताशी १०५.८५ मैलांच्या सरासरीने, म्हणजे तेथील इतिहासात प्रथमच शंभराचा आकडा ओलांडून, जयपताका लावली. प्रतिस्पर्ध्यांच्या इंजिनांत बळ कमी होते असे नाही. परंतु म्यूल्सानच्या लांबलचक सरळ मार्गाच्या टोकाशी ते ज्या जागी ब्रेक लावीत, त्या जागेच्या बरेच पुढे जाऊन जग्वारचे चालक लावीत, आणि तेही चोवीस तास निर्धास्तपणे. दोन वर्षांनी मर्सिडीजने आपल्या ३०० एसएलआर गाडीचे ड्रम कायम राखले, तेव्हा त्यांचा भार हलका करण्यासाठी चालकाच्या पाठीमागे उघडणारी वायुरोधक झडप तिला जोडावी लागली. ड्रमच्या बाजूने याहून मोठी कबुली कोणती असू शकेल?

फेरारीच्या घरातील प्रसंग तर या कुळकथेचा सर्वांत बोलका दाखला आहे. एन्झो फेरारी डिस्कला राजी नव्हते. त्यांचा चालक पीटर कॉलिन्स याने आपल्या खासगी २५० जीटी गाडीवर इंग्लंडमध्ये डनलॉपच्या डिस्क बसवून घेतल्या होत्या. ऑगस्ट १९५८ मध्ये न्यूरबर्गरिंग येथे कॉलिन्सचा अपघाती अंत झाला. आणि त्याच्या गाडीवरचे ते ब्रेक उतरवून त्याचा स्नेही माइक हॉथॉर्न याच्या शर्यतीच्या गाडीवर मॉन्झाच्या सामन्यासाठी चढविण्यात आले. हॉथॉर्न त्या वर्षी मॉसवर अवघ्या एका गुणाने मात करून जगज्जेता झाला. रस्त्यावरच्या एका खासगी गाडीच्या सुधारणेने शर्यतीच्या गाडीला ब्रेक पुरवावे, असा हा उलटा न्याय.

दरम्यान डिस्क सर्वसामान्यांच्या गाड्यांपर्यंत पोचली होती: १९५५ मध्ये सित्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांकडे, १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ वर, १९५७ मध्ये जग्वार एक्सके १५० च्या चारी चाकांवर. इटलीत १९६६ च्या फियाट ११०० आर गाडीस पुढे डिस्क मिळाल्या. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून मात्र तिच्या आधीच्या ११०० डी नमुन्याची गाडी त्यानंतरही कित्येक वर्षे चारी चाकांवर ड्रम घेऊनच बाहेर पडत राहिली. पोर्शेने ल मां जिंकणाऱ्या ९१७ गाडीच्या चार पिस्टनांच्या कॅलिपरवरून १९७८ च्या ३.३ लिटर टर्बो गाडीचे ब्रेक घडविले, आणि तेच ब्रेक त्याहून जुन्या ९११ गाड्यांवर चढविण्याची वहिवाट त्या गाड्यांच्या मालकांत पडली. लँचेस्टरांची उघडी चकती आता मध्यभागी वारा खेळविणारी दुपदरी झाली होती. सुधारणेची परंपरा मात्र तीच.

म्हणून जुन्या वेगवान गाडीचे ब्रेक सुधारू पाहणाऱ्याने लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र क्रम पाळावा, आणि तो क्रम या इतिहासानेच घालून दिला आहे. प्रथम तेल बदलावे. 'डॉट ४' प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतील ओल शोषते, आणि ओलावलेल्या तेलाची हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर उतरते. त्यामागून चांगले पॅड आणि न फुगणाऱ्या नव्या नळ्या. मोठ्या डिस्कचा विचार त्यानंतर. ड्रम जाऊन डिस्क येत असतील तर मास्टर सिलिंडरचाही हिशेब नव्याने मांडावा, कारण ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखून ठेवणारी झडप तशीच राहिली तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात. केवळ पुढच्या चाकांचे ब्रेक मोठे करून मागच्यांचा विसर पडला तर पुढची चाके अकाली अडकतात, मागचे ब्रेक आपला वाटा उचलीत नाहीत, आणि थांबण्याचे अंतर घटण्याऐवजी वाढू शकते. जुन्या शूंची धूळ फुंकून उडवू नये, कारण तिच्यात अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. आणि अखेरची गोष्ट ही की, ब्रेक चाक थांबवितो, गाडी थांबवितो तो टायर. जुना, कडक झालेला टायर तसाच ठेवून त्याच्या आत कितीही मोलाची डिस्क बसविली, तरी ते पैसे वाया गेले असेच समजावे.